माणिकरावांची पंधरा मिनिटं

गॅस पेटवायच्या आधी मी अजूनही खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावते. सुना हसतात. मोठी म्हणते, "आत्याबाई, गजाच्या पाया पडून राहिल्या का?" मी म्हणते, व्हय बाई, तसंच समज. त्यांना कुठं सांगत बसू, की ही सवय मला माणिकराव खिल्लाऱ्यांनी लावली. ते गेले, पंपाचा तो जुना पत्रा गेला, माझं हॉटेलही गेलं. हात तेवढा अजून गजाकडं जातो.

कनेरगाव नाक्यावर वाशीमकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणायचं आपलं. चार बाकडी, एक भट्टी, वर पत्रे. आमचे मालक शेतात, मी हॉटेलात. पलीकडं पेट्रोल पंप. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा माणिकराव त्या पंपावर कामाला आले. पहिल्याच दिवशी सकाळी पाहते तर एक उंच, काळासावळा माणूस पंपापासून माझ्या भट्टीपर्यंत पावलं मोजत चाललाय. भट्टीपाशी आला, थांबला, मान हलवली.

"ताई, भट्टी पलीकडच्या अंगाला न्या."

मी म्हटलं, "काहून? तुमच्या बापाची जागा हाय का?"

"बापाची न्हाई. पन टँकर हितं उभा राहतो. वारा हिकडून येतो."

"चार वर्सं झाली भट्टी हितंच हाय. काई झालं का?"

"न्हाई झालं," ते म्हणाले. "म्हनून तर सांगायला आलो."

मी काही भट्टी हलवली नाही. मग हा माणूस रोज सकाळी यायचा, चहा घ्यायचा, भट्टीकडं बघायचा आणि एक शब्द न बोलता जायचा. आठ दिवसांनी मीच वैतागले आणि मालकांना म्हटलं, न्या बाई ती भट्टी पलीकडं, त्याच्या नजरेनं माझा चहा नासायला लागलाय.

चहा ते उभ्यानंच घ्यायचे, रस्त्याच्या कडेला. माझ्या मनात आलं, आपल्या बाकावर बसायला अवघडतात की काय. खेड्यातल्या गोष्टी, कुणाच्या मनात काय जुनं असेल सांगता येत नाही. एक दिवस म्हटलं, "दादा, बाकडं रिकामं हाय, बसत काहून न्हाई?" म्हणाले, "बसलो तर टँकरकडं पाठ होती, ताई." मग मी बाकडंच फिरवून ठेवलं, पंपाकडं तोंड करून. त्या दिवसापासून ते बसायला लागले. ते त्यांचंच बाकडं झालं.

अंगात कायम सुती. सदरा सुती, पायजमा सुती, थंडीत पांघरायला घोंगडी. स्वेटर म्हणून कधी नाही. पायात चामड्याची वहाण, रबरी चप्पल त्यांनी कधी घातली नाही. बायको लवकर वारली होती, मूलबाळ नव्हतं. पंपामागच्या खोलीत एकटेच राहायचे. खोलीत एक खाट, एक पत्र्याची पेटी, भिंतीला बुद्धाचं कॅलेंडर. आणि एक सवय तर अशी, की नाक्यावर तिची टिंगल व्हायची. पंपाच्या कोपऱ्यात जमिनीत गाडलेली तांब्याची पट्टी होती, अर्थिंगची. उन्हाळ्यात आमच्याकडं हंडाभर पाण्यासाठी बाया झिंज्या धरायच्या, आणि हे रोज सकाळी आपल्या अंघोळीच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी राखून त्या पट्टीच्या बुडाशी ओतायचे. मी म्हटलं, "दादा, तुळस हाय का ती?" तर म्हणाले, "जमीन वली असली की वीज तिच्यात उतरती. वाळली की घेत न्हाई."

टँकर आला की माणिकरावांचं निराळंच चालायचं. आधी ड्रायव्हरला खाली उतरवायचं. मग कानस घेऊन टँकरच्या एका कोपऱ्यावरचा रंग खरवडायचा, लोखंड चमकेपर्यंत. मग त्या तांब्याच्या पट्टीला जोडलेल्या तारेचा चिमटा तिथं लावायचा. चिमट्याला ओढून बघायचं. आणि मग पंधरा मिनिटं कुणीही वरचं झाकण उघडायचं नाही. घड्याळात बघून पंधरा. कुणी घाई केली की एकच शब्द, "दम धर." ड्रायव्हर लोकांनी त्यांचं नाव 'दमधरे मामा' पाडलं होतं.

रहीमभाई म्हणून नांदेडकडचा एक जुना ड्रायव्हर होता. तो तर मुद्दाम छेडायचा. "मामा, नमाज बी पढके हो गई, चाय बी पीके हो गई. अब्बी कित्ता दम धरूं?"

"चार मिनिट."

"चार मिनिट में मेरी बीवी खाना पकाती, मामा."

"मंग तिला बी सांग, दम धर."

सगळे हसायचे. माणिकराव हसायचे नाहीत. आणि एक गोष्ट मी हळूहळू टिपली. त्या पंधरा मिनिटांत कधीतरी ते मान वर करायचे. टँकरवर कुणी नसायचं, झाकण बंद, वर नुसतं ऊन. तरी ते वर बघायचे, आणि ओठातल्या ओठात म्हणायचे, "न्हाई. आजून न्हाई." जसं वरून कुणी काही विचारलंय आणि हे उत्तर देतायत.

पहिल्यांदा मला वाटलं, मनाशी बोलतात. मग वाटलं, मंत्र आहे काही. रहीमभाईनं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "भाबी, मामा किससे बात करते?" मी म्हटलं, मला काय माहीत. तो म्हणाला, "मैं उप्पर चढता तो ऐसा लगता, कोई पहले से बैठा है." आणि त्या दिवसापासून त्यानं छेडणं कमी केलं.

आता साडीचं सांगते. एका डिसेंबरात माझ्या भावानं मला नायलॉनची साडी घेतली होती, निळी, मोठाल्या फुलांची. कोरडी थंडी पडली होती. साडी अंगाला चिकटायची, सोडताना चट् चट् आवाज यायचा, अंधारात बारीक ठिणग्याही दिसायच्या. मी घाबरले. शेजारची म्हातारी म्हणाली, बाहेरचं असेल काही, लिंबू उतरवून टाक. लिंबू उतरवलं तरी चटचट काही जाईना. तीच साडी नेसून एक दिवस मी चहाची किटली घेऊन पंपावर निघाले. टँकर उभा होता. माणिकराव लांबूनच हात पुढं करून आले.

"ताई, थितंच थांबा."

"काहून?"

"ही साडी नेसून हितं येऊ नका. आल्याच असाल तर आधी त्या नळीला हात लावा."

लोखंडाची नळी होती, पाण्याची. मी बोट नेलं, तर टच्चकन चावलं. किटली हातातून पडली असती. ते म्हणाले, "हे बाहेरचं-बिहेरचं न्हाई, ताई. ही घासनीची वीज हाय. तुमी चालल्या, साडी घासली, वीज साचली. नळीला हात लावला, ती जमिनीत गेली. आता तुमी मोकळ्या."

मग त्या बाकड्यावर बसून त्यांनी मला तेलाचंही सांगितलं. मी दुसरीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचणं मी सामानाच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले. पण त्यांनी सांगितलेलं मला अजून शब्दाला शब्द आठवतं. "तेल पाइपातून घासत येतं, तुमच्या साडीवानी त्याच्यात बी वीज भरती. मातकट, गाळाचं तेल असलं की त्याच्यातून ती लवकर निघून जाती. पन साफ तेल लई अभिमानी. जितकं साफ, तितकं धरून बसतं. लवकर सोडतच न्हाई, म्हनून पंधरा मिनिटं दम धरायचा. आन् मंग एखांद्या लोखंडाजवळ गेलं की एकदम सोडतं. ती ठिणगी मोहरीयेवढी असती. पन वर वाफ असती ना, ताई."

मी विचारलं, "मंग साफ तेलाचं करायचं काय? घाण टाकायची का त्याच्यात?"

"तसंच म्हना. एक दवा असती. तपकिरी रंगाची. हजारो लिटरला चमचाभर. तेवढी टाकली की तेल वीज धरून ठेवत न्हाई, हळूहळू सोडून देतं." आणि मग म्हणाले, "मी तेच काम करायचो. पयले. दवा टाकायचं." एवढं बोलून उठले. चहा अर्धा तसाच राहिला.

एकदा लग्नाच्या वऱ्हाडाची जीप आली, आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या घरची. फेटा बांधलेला एक जण उतरला. मागं गादीवर पेट्रोलसाठी प्लास्टिकचे दोन कॅन. "गादीवरच भरून द्या, उशीर व्हऊन राहिला." माणिकरावांनी कॅन उचलून खाली जमिनीवर ठेवले. फेटेवाल्यानं परत वर ठेवले. यांनी परत खाली. तिसऱ्या वेळी फेटेवाला म्हणाला, "ओळखत न्हाईस का मला?"

"ओळखतो," माणिकराव म्हणाले. "म्हनून तर खाली ठेवून राहिलो. तुमच्या घरी आज लगीन हाय."

जीपमधल्या म्हाताऱ्या बाईला हसू फुटलं. ती म्हणाली, "ठेव रे खाली, तो लग्नाचंच पाहून राहिला." कॅन जमिनीवरच भरले गेले. फेटेवाला जाताना शिवी देऊन गेला. माणिकरावांनी ती ऐकलीच नाही. ते हात जमिनीला टेकवून कॅनकडं बघत बसले होते.

अशी पाच-सहा वर्षं गेली. आणि मग तो नायलॉनच्या दोरीचा दिवस आला.

मे महिना होता. नवीन ड्रायव्हर आला होता, चाळिशीचा, मिशाळ, घाईचा. माणिकराव चिमटा लावून पाण्याचा तांब्या आणायला खोलीकडं गेले, तेवढ्यात हा टँकरवर चढला. तेलाचा नमुना काढायचा होता म्हणे. त्यानं झाकण उघडलं आणि पत्र्याचा डबा दोरीला बांधून आत सोडायला लागला. दोरी नायलॉनची, हिरवी. मी भट्टीपाशी होते. मला एवढंच दिसलं, की माणिकरावांच्या हातातला तांब्या खाली पडला आणि तो पन्नाशीचा माणूस धावत येऊन शिडी चढला. ड्रायव्हरचा पाय धरून त्याला असा ओढला की तो डब्यासकट खाली आला, ढोपर फुटलं. ड्रायव्हर उठून मारायला धावला. यांनी हात वर केला नाही, मागंही सरले नाहीत. ते सारखं एकच म्हणत होते, "दोरी कुटून आनली? दोरी कोनी देली तुला?"

लोकांनी दोघांना वेगळं केलं. माणिकराव माझ्या बाकड्यावर येऊन बसले, पहिल्यांदाच पंपाकडं पाठ करून. मी पाणी दिलं. आणि त्या दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं.

ते आणि सुदाम. सुदाम डोंगरकड्याचा. दोघं एकाच वेळी लांबच्या एका तेलाच्या डेपोत कामाला लागले होते, विमानाचं तेल जिथून जातं तिथं. एका खोलीत राहायचे, एका ताटात जेवायचे. टँकर भरायच्या आधी त्याच्यात दवा टाकायचं काम माणिकरावांचं. भरून झाला की वर चढून नमुना काढायचं काम सुदामचं. चढण्याआधी सुदाम रोज हाक मारायचा, "टाकलं का रे, मानिक?" हे खालून म्हणायचे, "टाकलं." मग तो झाकण उघडायचा. चार वर्षं रोज, दिवसातून दहा वेळा.

"हाक आन् जबाब, ताई. पाखरावानी. कानानं आइकायचं आन् तोंडानं बोलायचं. मधी मी नसायचोच."

त्या दिवशी असंच ऊन. त्यांनी दवा मोजून बाटलीत घेतली, टँकरकडं निघाले. इतक्यात पाण्याचा टँकर आला, प्यायच्या पाण्याचा. दोन दिवसांनी आला होता. सगळे हंडे घेऊन धावले. यांनी बाटली सदऱ्याच्या खिशात घातली आणि खोलीचा माठ भरून घेतला. परत आले तोवर तेल भरून होत आलं होतं. शिडीवरून सुदामनं विचारलं, "टाकलं का रे, मानिक?"

"आन् माझं तोंड म्हनलं, टाकलं."

सुदामजवळ दोरी होती नायलॉनची, घरून आणलेली. डेपोची सुती दोरी सारखी तुटायची म्हणून. डबा आत गेला.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. संध्याकाळी अंघोळीला सदरा काढला तर खिशात बाटली, जशीच्या तशी. चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, दवा टाकली होती का. हे म्हणाले, टाकली होती. मग ठरलं, की सुदामच्या दोरीमुळं झालं. चूक सुदामची.

"पयल्यांदा माझं तोंड म्हनलं व्हतं, ताई," माणिकराव म्हणाले. "दुसऱ्यांदा मी म्हनलो."

तेव्हा मी बोलले ते असं, की त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "दादा, दोरीनं बी झालं असंल. तुमाला काय ठाऊक. झालं ते झालं, आता कशाला उकरता. त्याच्या घरच्यांना कशाला तकलीफ देता."

"व्हय," ते म्हणाले. "दोरीनं बी झालं असंल. दवा असती तर दोरीनं झालं नसतं, आसं बी असंल. कोनालाच ठाऊक न्हाई. पन तो विचारून राहिला ताई, रोज. झाकन उघडायचं म्हनलं की वरून विचारतो, टाकलं का रे. आता मी खरं सांगतो त्याला. न्हाई म्हनतो. तरी विचारतो."

मी वर बघितलं नाही. पण खरं सांगते, त्यानंतर समोर टँकर उभा राहिला की मला तिकडं मान करून भट्टीपाशी बसवेना.

हिंगोलीचा जिल्हा झाला, रस्ते रुंद झाले, टँकर मोठे झाले. माणिकरावांचे केस पांढरे झाले. पंपाच्या खोलीत एक छापील परिपत्रक लागलं होतं. ते त्यांनी मला वाचून दाखवलं, मग मी माझं मी वाचलं. आता डिझेलही जास्त साफ होऊन येणार, आणि त्यातही ती दवा मिसळलेली असणार. कारखान्यातच, यंत्रानं, मोजून. "म्हंजी आता कोनाला विचारायची गरज न्हाई," ते म्हणाले. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं असेल. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

आणि मग एक दिवस, तुरी काढायचे दिवस होते, एक ट्रक ड्रायव्हर चहाला थांबला. केळी घेऊन अकोल्याकडं चालला होता. गप्पांत गाव सांगितलं, डोंगरकडा. माणिकराव त्यांच्या बाकड्यावर होते. ड्रायव्हरला बशी भरून दिली, घाईनं घोट घेतला तसं त्याचं तोंड भाजलं, आणि तो हसत म्हणाला, "आमची माय म्हनायची, सुदाम्यासारखी घाई करू नको."

मी विचारलं, "सुदाम्या कोन?"

"व्हता एक आमच्या गावचा. आपल्या हातानं जळाला म्हनतात. आता कोनी बी घाई केली की आमच्या गावात म्हनतात, सुदाम्या झाला का रे. लेकरं बी म्हनतात. त्याची बायको हाय आजून, गयाबाई. ती बी म्हनती."

मी माणिकरावांकडं बघितलं. ग्लास त्यांच्या हातात होता, चहाला साय धरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्थिंगला पाणी घालून झाल्यावर, माझ्यापाशी आले. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी.

"ताई, माझ्यासंग डोंगरकड्याला येता का? मला एकट्याला दारात उभं राहता येनार न्हाई."

मी त्यांना एकदा गप्प बसायला सांगितलं होतं. आता नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. हॉटेल मालकांवर टाकून निघाले. एसटीनं हिंगोली, तिथून कळमनुरी, पुढं डोंगरकडा. वाटभर ते खिडकीच्या दांडीला हात लावून बसले होते.

गयाबाईंचं घर केळीच्या बागांच्या कडेला. दोन खोल्या, अंगणात पाटीभर तूर वाळत घातलेली. बाई माझ्याच वयाच्या, अंगानं बारीक. माणिकरावांना त्यांनी लगेच ओळखलं. "मानिकभाऊजी," म्हणाल्या, "वीस वर्सांनी वाट सापडली व्हय." पाणी दिलं. माणिकरावांनी पाणी घेतलं नाही. उभ्यानंच कापड सोडलं आणि बाटली काढून बाजेवर ठेवली. काचेची, बोटभर उंचीची. बुचावर मेण ओतलेलं. आत तपकिरी दवा.

मग त्यांनी सांगितलं. जसं मला सांगितलं तसंच, माठासकट. कुठं शब्द मऊ केला नाही, कुठं रडले नाहीत. गयाबाई तूर निवडत होत्या, त्यांचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी बाटली उचलली, उन्हाकडं धरली.

"येवढीच?"

"व्हय. येवढीच लागती."

बाटली तशीच धरून त्यांनी विचारलं, "तेनं विचारलं व्हतं ना, वर चढायच्या आधी?"

"विचारलं व्हतं."

"तुमी व्हय म्हनल्यावरच झाकन उघडलं?"

"व्हय."

"म्हंजी घाई न्हाई केली तेनं."

"न्हाई, वैनी. तेनं कंदीच घाई न्हाई केली."

गयाबाईंनी बाटली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. आवाज नाही. नुसते खांदे हलत होते. मी जवळ जाऊन बसले. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मी आपल्या तोंडानं सांगत आले लेकीला. तुझा बाप घाईचा. पोरगी परीक्षेला निगाली तरी म्हनायची, बापावानी करू नको." मग माणिकरावांकडं बघून म्हणाल्या, "मी तुमाला माफ-बीफ काई म्हननार न्हाई, भाऊजी. मला ते येत न्हाई. वंदी नांदेडला शाळंत शिकवती. आइतवारी येती. तिला तुमच्या तोंडानं सांगा. ही बाटली राहू द्या हितंच."

रविवारी ते एकटेच गेले. मी नव्हते, त्यामुळं तिथं काय झालं ते मला फक्त त्यांच्या तोंडून कळलं, आणि तेही थोडंच. सोमवारी चहाला आले, बाकड्यावर बसले. मी विचारलं, "रागावली का पोरगी?"

"रागावली. लई बोलली. बराबरच बोलली. वर्गात सांगनार हाय म्हनाली, मोठ्या पोरींना. बापाचं नाव घेऊन."

"मंग?"

"मंग निगताना तिनं इचारलं, बाबाचा आवाज कसा व्हता. दोन वर्सांची व्हती ती, तिला काई आठवत न्हाई. घरात फोटो हाय, आवाज कोनापाशीच न्हाई. माझ्यापाशी व्हता. मी म्हनून दाखवलं तिला. टाकलं का रे, मानिक. तेच्यावानीच. तिनं तीनदा म्हनायला लावलं. मंग ती सोताच म्हनायला लागली. डोळे मिटून."

एवढं सांगून त्यांनी चहा संपवला. मला वाटलं, सुटला बाई हा माणूस. आता तरी पंधरा मिनिटं शांत बसेल.

चार दिवसांनी टँकर आला. रहीमभाईच होता, तोही म्हातारा झालेला. भर दुपारची वेळ. माणिकरावांनी कानशीनं रंग खरवडला, चिमटा लावला, ओढून बघितला. घड्याळ बघितलं. मी भट्टीपाशी चहा गाळत होते, पण लक्ष सगळं तिकडं. त्यांनी एक हात टँकरच्या लोखंडावर ठेवला आणि मान वर केली, नेहमीसारखी. ओठ हलले नाहीत. ते ऐकत होते. मान वाकडी करून, एक कान वर करून, गर्दीत कुणाची हाक येते का बघावी तसे. बराच वेळ. मग माझ्याकडं वळले.

त्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही नव्हतं. पोरं दुसऱ्या गावी गेली की घरातला म्हातारा दिवेलागणीला ओसरीत येऊन उभा राहतो, तसा तो चेहरा झाला होता.

"ताई," ते रस्त्याच्या पलीकडून म्हणाले, "आज तेनं विचारलं न्हाई."

मी किटली खाली ठेवली. त्या महिन्याच्या अखेरीला ते काम सोडून नांदेडला पुतण्याकडं राहायला गेले, आणि तिकडंच वारले. मला बातमी उशिरा कळली. निघाले तेव्हा मी शेतात होते, त्यामुळं माझ्या डोळ्यांत ते राहिलेत ते त्या दुपारचे. उन्हात पांढरा सदरा, हात लोखंडाला लागलेला, तोंड वर.

त्या दुपारी रहीमभाईनं घड्याळ बघितलं आणि हळूच म्हणाला, "मामा, हो गए पंद्रा मिनट."

माणिकरावांनी परत वर लावलेली नजर काढली नाही.

"दम धर," म्हणाले.